तळटीप : अंगभर पोशाख आणि रेड कार्पेट

* अंगभर पोशाख आणि रेड कार्पेट यांचा मेळ बसत नाही, हे लेखकाचे विधान पुराव्यावर टिकत नाही. समारंभी गाऊन मुळात पायघोळच असतो. असा पोशाख करणाऱ्या मुस्लिम स्त्रीसाठी बदलावे लागते ते बाही, गळा आणि डोके झाकण्याची सोय एवढेच. २०१६ साली अनिएसा हसिबुआन या इंडोनेशियन डिझायनरने न्यूयॉर्क फॅशन वीकमध्ये सगळ्या मॉडेल हिजाबमध्ये उतरवल्या, तेव्हाच शिवणकामापुरता हा प्रश्न निकालात निघाला. मिरवायचेच असेल तर झाकायचे कशाला, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण हिजाबसह नावारूपाला आलेल्या हलिमा एडन या सोमाली-अमेरिकन मॉडेलने २०२० मध्ये रॅम्प सोडला, तो हिजाबऐवजी डोक्याला जीन्स गुंडाळण्यासारख्या तडजोडी कराव्या लागल्या म्हणून. उलट, २०१४च्या कान चित्रपट महोत्सवात परीक्षक असलेल्या इराणी अभिनेत्री लैला हातमी यांनी डोके झाकले होते. तरी महोत्सवाच्या अध्यक्षांना गालावर चुंबन देऊन अभिवादन केल्याबद्दल इराणी अधिकाऱ्यांनी त्यांना धारेवर धरले. दोन्हीकडे अडचण पोशाखाची नव्हती, त्यावर हुकूम चालवणाऱ्यांची होती. विधान लेखकाचे म्हणून कायम ठेवले आहे. संपादकास ते मान्य नाही. — संपा.