एका औषधाचीं दोन घरें

ज्या रोगावर प्रथम योजावें तेथें अपयश यावें आणि दुसऱ्याच रोगांत नांव मिळावें, असें भाग्य ॲडेफोव्हिर या औषधाच्या वांट्यास आलें. प्रागचे रसायनज्ञ अंतोनिन होली व बेल्जममधील एरिक द क्लेर्क यांच्या सहकार्यांतून निघालेलें हें औषध एच्. आय्. व्ही.वर चालवून पाहिलें. परंतु त्यासाठीं लागणारी रोजची ६० ते १२० मिलिग्रॅमांची मात्रा मूत्रपिंडांस सोसेना, व १९९९ सालीं तो नाद सोडावा लागला. तेंच औषध २००२ सालीं अवघ्या १० मिलिग्रॅमांत हेपॅटायटिस बी, म्हणजे 'ब' काविळीवर, मान्य झालें!

वाचक विचारतील, कीं या दोन रोगांचें नातें तें काय? एकाचा विषाणु रक्तांतील संरक्षक पेशींत शिरतो, दुसऱ्याचा यकृतांत, कुळेंही निराळीं. तथापि आर्. एन्. ए.वरून डी. एन्. ए. उतरवून घेण्याची उलटी रीत दोघांचीही आहे. काविळीच्या बाबतींत हें रहस्य समर्स व मेसन यांनीं १९८२ सालीं उघड केलें, तेंही बदकांच्या विषाणूवरून. वैद्यकावर बदकांचे एवढे उपकार असतील अशी आम्हांस कल्पना नव्हती. हीं औषधें म्हणजे त्या नकलनविसाच्या हातीं दिलेलीं खोटीं अक्षरें. एक बसलें कीं पुढची ओळ खुंटते.

लॅमिव्हुडिन १९९५ सालीं एच्. आय्. व्ही.साठीं रोज ३०० मिलिग्रॅम, व १९९८ सालीं काविळीसाठीं १०० मिलिग्रॅम, असें दोन्ही घरीं नांदूं लागलें. २००१ सालीं मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनीं वर्षाला ३५० डॉलरांत जीं तीन औषधें देऊं केलीं, त्यांत तें होतें. त्या उपक्रमाचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु ज्या रोग्यास दोन्ही विषाणु जडलेले, त्याच्या एच्. आय्. व्ही.शीं तीन औषधें लढत होतीं आणि काविळीशीं एकटें लॅमिव्हुडिन. आणि एकट्या लॅमिव्हुडिनला तो विषाणु कांहीं वर्षांत बहुधा दाद देईनासा होतो. उलट, २००५ सालीं केवळ काविळीचें म्हणून आलेलें एन्टेकाव्हिर एच्. आय्. व्ही.सही थोडेंसें दाबतें, व त्यास लॅमिव्हुडिनला न जुमानणारें रूप देऊन जातें, हें २००७ सालीं उमगलें. तोंपर्यंत कांहीं रोग्यांच्या हातचें एक शस्त्र गेलें होतें.

ॲडेफोव्हिरचेंच भावंड टेनोफोव्हिर २००१ सालीं एच्. आय्. व्ही.साठीं व २००८ सालीं काविळीसाठीं मान्य झालें. येथें मात्र मात्रा दोन्हीकडे एकच, ३०० मिलिग्रॅम. समूळ उच्चाटन तें कोणाचेंच करीत नाहीं. एच्. आय्. व्ही.चा उपचार बदलतांना तें नकळत वगळलें गेलें, तर यकृतांत दबून बसलेली कावीळ पुन्हां भडकूं शकते.