किल्ली ठेवायची कुठे?

पेण तालुक्यातले वरसई हे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे गाव. गुप्त मजकूर उलगडण्याची मराठीतली सर्वांत गाजलेली कामगिरी त्यांच्या नावावर आहे. महानुभावांच्या अनेक पोथ्या सकळ लिपीत लिहिलेल्या होत्या. मूळ अक्षराच्या जागी ठरवून दुसरेच चिन्ह. किल्ली पंथाबाहेर गेली नाही. त्यामुळे पोथी हातात असूनही परक्याला ओळ लागत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी ती लिपी सोडवली आणि जुन्या मराठी गद्याचे मोठे भांडार अभ्यासकांपुढे आले.

तिथे किल्ली माणसांजवळ होती. यंत्राजवळ ती ठेवायची कशी, हा प्रश्न युनिक्सबरोबर आला.

बेल लॅब्जच्या युनिक्समध्ये 1970च्या दशकातच मजकूर गुप्त करणारी ‘क्रिप्ट’ नावाची आज्ञा होती. किल्ली दिली नाही तर ती टर्मिनलवर विचारी. पण स्क्रिप्ट चालते तेव्हा उत्तर द्यायला माणूस कुठला? मग किल्ली आज्ञेतच लिहायची. तशी लिहिली, तर ‘पीएस’ चालवणाऱ्या दुसऱ्या वापरकर्त्याला ती दिसू शकते, असा इशारा 1979च्या सातव्या आवृत्तीच्या माहितीपुस्तिकेतच छापलेला आहे. आज कुणी ओपनएसएसएलच्या आज्ञेत पासवर्ड उघडा लिहितो, तेव्हा तो तीच जुनी चूक करतो.

1991 मध्ये फिल झिमरमन यांनी पीजीपी आणले. किल्ल्या दोन झाल्या: कुलूप लावणारी सार्वजनिक, उघडणारी खासगी. बॅकअप घेणाऱ्या यंत्राला गुपित जवळ बाळगण्याची गरजच उरली नाही. हा फार मोठा पल्ला होता. त्याच पद्धतीच्या, जर्मनीतल्या वेर्नर कॉख यांच्या ग्नूपीजीची 1.0 आवृत्ती 1999 मध्ये आली.

उघडण्याची अडचण मात्र तशीच राहिली: खासगी किल्लीच पासफ्रेझने, म्हणजे लांब पासवर्डने, बंद केलेली असते. रात्री दोनला क्रॉनने स्क्रिप्ट सुरू केली, की ‘बॅच’ हा पर्याय ग्नूपीजीला प्रश्न विचारू देत नाही आणि ‘पासफ्रेझ-फाइल’ उत्तर फाइलमधून पुरवतो. 2014च्या 2.1 आवृत्तीत खासगी किल्ल्यांचा सगळा कारभार ‘जीपीजी-एजंट’कडे गेला. पासफ्रेझ आता ‘पिनएंट्री’ची खिडकी मागू लागली, क्रॉनच्या कामाला ती खिडकी कुठून मिळणार? त्यासाठी ‘लूपबॅक’चा मार्ग ठेवला गेला, पण आरंभी एजंटच्या सेटिंगमध्ये त्याला मुद्दाम परवानगी द्यावी लागे.

किल्ली आणि तिचा पासफ्रेझ एकाच डिस्कवर ठेवून सुरक्षितता फारशी वाढत नाही. त्यापेक्षा अशा कामाला स्वतंत्र किल्ली काढावी, ती स्वतंत्र खात्यात ठेवावी आणि वाचण्याची परवानगी त्या खात्यालाच द्यावी. उघडलेली फाइल काम संपताच पुसावी. आणि स्क्रिप्टमध्ये पासफ्रेझ कधीही लिहू नये: ती स्क्रिप्ट एकदा गिटमध्ये गेली, की पुढे ओळ खोडली तरी जुन्या नोंदीत पासफ्रेझ तसाच राहतो.