निखारा खाली, निखारा वर

गेल्या मार्गशीर्षात शेळगावला भावाच्या घरी गेले होते. पुण्यात नोकरी करणारी पुतणी सुट्टीवर आली होती आणि सकाळच्या न्याहारीला आपण 'कॅसरोल' करणार आहोत, असे तिने रात्रीच जाहीर केले होते. आत्याने लगेच फडताळाकडे बोट दाखवले. आमच्या घरात कॅसरोल म्हणजे चपात्या गरम राहाव्यात म्हणून ठेवायचा, जाड भिंतीचा प्लास्टिकचा डबा. ऐंशीच्या दशकापासून लग्नात आहेर म्हणून एकेका नवरीला असे तीन-तीन डबे मिळत, आणि तिसरा डबा पुढच्या लग्नात आहेर म्हणून बाहेर पडे. हा शब्द मुळात फ्रेंच. त्याचा अर्थ स्वयंपाकाचे भांडे. पुढे त्या भांड्यात भाजलेल्या पदार्थालाही तेच नाव पडले. आपल्याकडे भांडे आले, नाव आले, पदार्थ तेवढा वाटेत राहिला.

पुतणीने केले ते इतकेच. सहा शिळ्या लादीपावांचे तुकडे तूप लावलेल्या काचेच्या ताटलीत पसरले. चार अंडी, चारशे मिलिलिटर दूध, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, हळद, मीठ फेटून त्यावर ओतले आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले. सकाळी ओव्हन १८० अंशांवर तापवून ताटली चाळीस मिनिटे आत. आत्याच्या गळ्यात माळ आहे, म्हणून तिच्यासाठी दुसरी ताटली बिनअंड्याची. तीत वाटीभर बेसन, वाटीभर दही, थोडे दूध, ओवा आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. दोन्ही ताटल्या वरून तांबूस होऊन बाहेर आल्या. आत्याने तुकडा मोडला, वास घेतला, खाल्ला आणि म्हणाली, "हा तर कुस्कराच की गं. फक्त वरून भाजलाय."

या लेखाची सुरुवात त्या वाक्यातून झाली. शिळी भाकरी कुस्करून, फोडणी घालून, ताकाचा हबका मारून केलेली न्याहारी आमच्या पट्ट्यात घरोघर होते. शिळे पाव दुधा-अंड्यात भिजवून भाजणे ही युरोप-अमेरिकेतल्या घरांची तशीच काटकसर. कालचे वाया जाऊ द्यायचे नाही, ही दोन्हीकडची गरज एकच. फरक उरतो तो "वरून भाजलाय" या दोन शब्दांत. वरून भाजणे आपल्या स्वयंपाकघरात कधी होते, कुठे होते आणि कोण करत होते?

आधी विस्तवाचे शास्त्र पाहू. चुलीवरच्या तव्याला आच मिळते ती फक्त खालून. भाकरी पातळ असते, उलटता येते, शेवटी निखाऱ्यापुढे उभी करून फुगवता येते. पण दोन बोटे जाडीचा ओला थर तव्यावर ठेवला, तर तळ करपतो आणि माथा कच्चा राहतो. त्याला चारही बाजूंनी आच हवी. आपल्या भाषेत या आचेला फार नेमका शब्द आहे, फुफाटा. "आगीतून निघून फुफाट्यात" म्हणताना आपण हे विसरतो, की फुफाटा म्हणजे ज्वाला विझल्यावर उरलेली, सगळीकडून सारखी लागणारी गरम राख. ओव्हन म्हणजे डब्यात बसवलेला फुफाटाच.

त्यात भाजणे आपल्याला नवे नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यातल्या अन्नविषयक भागात मांडे येतात, तापवलेल्या खापरावर भाजलेले. मुक्ताईने ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजल्याची कथा ज्याला ठाऊक नाही असा माणूस वारीच्या वाटेवर सापडणार नाही. पण मांडाही पातळच. जाड थर भाजण्यासाठी खाली-वर निखारे ठेवण्याची रीत किनारपट्टीवर अधिक दिसते. मुंबईच्या पाठारे प्रभूंचे आणि कायस्थ प्रभूंचे भानवले किंवा भानोले, म्हणजे बेसनात कोलंबी नाहीतर कोबी कालवून थापलेला थर, झाकणावर निखारे ठेवून भाजत. कोकणात काकडीचे धोंडस असेच होते. गोव्यातले बेबिंक तर एकेक थर ओतून, प्रत्येक थराला वरून आच देत करतात, आणि त्यासाठी अर्धा दिवस जातो. आत्याची बिनअंड्याची ताटली भानोल्याच्या किती जवळ होती, हे पुतणीला ठाऊकही नव्हते.

छापील पुस्तकांची आपली परंपरा जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ चे, लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र' १९१० चे, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची. पण ही पुस्तके ज्यांच्या हाती पडली ती घरे बहुतेक शहरांतली, शिकलेली. इंदापूर तालुक्यातल्या बाजरी-ज्वारीच्या घरांत पाककृती पुस्तकातून आली नाही. म्हणून मी पुस्तके मिटली आणि गावातल्या म्हाताऱ्या बायकांपुढे जाऊन बसले. शेळगाव अंथुर्णे आणि निमगाव केतकीच्या मध्ये, तुकोबांच्या पालखीच्या वाटेवर आहे. आषाढीच्या आधी अख्खी वाट चुलींनी भरून जाते, तेव्हा चुलीविषयी बोलायला इथे कोणाला आग्रह करावा लागत नाही.

"जाड काय भाजायचात?" या प्रश्नाला सगळ्यांचे उत्तर एकच आले. रोडगा. चातुर्मासात वर्ज्य असलेले वांगे आणि कांदा चंपाषष्ठीला पुन्हा ताटात येतात, आणि त्या दिवशी खंडोबाला वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा यांचा नैवेद्य असतो. जेजुरी आमच्या जिल्ह्यातलीच. हा रोडगा एकनाथांच्या भारुडात आहे, तेव्हा सोळाव्या शतकात तो ऐकणाऱ्यांच्या रोजच्या ओळखीचा असणार, नाहीतर त्यावर विनोद झाला नसता. जाड थापायचा, गोवऱ्या पेटवून त्यांचा आर होऊ द्यायचा, त्यात पुरायचा, वर राख ओढायची. त्याच आरात वांगे.

मग मी विचारले, भाजायचे कोण? इथे सगळ्या जणी थांबल्या. एकीने सांगितले, गडी माणसे. दुसरीने सांगितले, वस्तीवर बाप्ये. हुरड्याची आगटी? तीही बाप्येच लावतात, शेतात. वारीत, जत्रेत, रानात विस्तवात भाजायचे काम पुरुषांच्या हाती आणि घरात तव्यावरचे बाईच्या हाती, अशी ही वाटणी निदान आमच्या पट्ट्यात दिसते. यावरून मोठा सिद्धांत मांडायचा मोह मी आवरते, चार गावांतल्या बोलण्यावर तेवढा भार टाकता येणार नाही. पण एक गोष्ट मला नजरेआड करता येत नाही. आरात पुरलेले सगळे एकाच वेळी शिजते आणि भाजणारा इतरांबरोबर खायला बसतो. तव्यावरची भाकरी एकेक उतरते. करणारी चुलीपुढे, खाणारे पंगतीत. आत्या सांगते, तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या आजीच्या, वाट्याला यायची ती शेवटची, उरल्यासुरल्या पिठाची वाकडी भाकरी, आणि ती खायची वेळ यायची तेव्हा कालवणाचे पातेले पुसलेले असायचे. आजीला गरम भाकरी खाताना आत्याने कधी पाहिले नाही. हे ती तक्रार म्हणून सांगत नाही. आठवण म्हणून सांगते.

पावाचा रस्ता वेगळाच. शब्द पोर्तुगीज, गोव्याच्या पोदेरांनी तो किनाऱ्यावर रुजवला आणि त्यासोबत धर्म बुडण्याची भीतीही देशावर आली. ही भीती किती खोल होती ते १८९० च्या ऑक्टोबरात पुण्यात दिसले. पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली, उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापली गेली आणि टिळक-रानड्यांसारख्या माणसांवर ग्रामण्य उभे राहिले. १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. चहाची चर्चा आजवर खूप झाली. बिस्कीट मात्र तळटीपेत राहिले, आणि माझ्या मते ते अन्यायाचे आहे. भट्टीत परक्या हातांनी भाजलेल्या पिठाचा तो प्रश्न होता.

आमच्याकडे ग्रामण्य झाले नाही, पण पाव घरात आला तो आजाऱ्याचे अन्न म्हणून. ताप उतरल्यावर चहात बुडवून द्यायचा. आजी गेली तोवर तिने पावाला हात लावला नव्हता.

मुलूख मात्र बदलत होता. १८७६-७७ च्या दुष्काळाने होरपळलेल्या या भागात १८८५ च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले, पुढे ऊस आला, १९३० च्या दशकात जवळच वालचंदनगरला साखर कारखाना उभा राहिला. कारखान्याच्या भोंग्यावर उठणाऱ्या घरांत न्याहारीची वेळ घड्याळाची झाली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायकांच्या पदरात सुकडी पडली आणि रेशनवर लाल मिलो. परक्या धान्याची चव जिभेने तेव्हा घेतली, आवडीने नव्हे. अंडीही त्याच सुमारास बदलली. गावरान कोंबडीची चार-सहा अंडी बाजारी न्यायची असत, त्यांतून मिठा-मिरचीचा खर्च निघे. पुण्याच्या आसपास कुक्कुटपालन वाढले, १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली, आणि वर्षभर सारख्या भावाने मिळणारे पांढरे अंडे एस.टी. थांब्यावरच्या दुकानात आले. बेकरीचा पाव त्याच दुकानात, त्याच फळीवर.

भट्टीशी बायकांची ओळख मात्र दिवाळीने करून दिली. रवा, मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात भरून बारामतीच्या बेकरीत न्यायची, नंबर लावायचा, पत्र्यावर नानकटाया थापून द्यायच्या आणि संध्याकाळी भाजलेला डबा डोक्यावर घेऊन एस.टी. पकडायची. माझ्या लहानपणी आई दोन वर्षे गेली. बसायला बाकडे नव्हते, पिंप उलटे करून त्यावर बसायचे. पण चार-पाच तास आपल्याला चुलीपुढे उभे राहावे लागत नाही आणि तरी आपले पीठ भाजले जाते, याचे तिला फार अप्रूप वाटले. नंतर तिने भिशीच्या पैशातून अ‍ॅल्युमिनियमचा गोल ओव्हन घेतला, झाकणाला काचेची खिडकी असलेला. त्यात एकदा नानकटाई झाली, एकदा केक झाला. तिसऱ्यांदा फ्यूज उडाला आणि वडिलांनी तो माळ्यावर ठेवला. त्या काळी आमच्याकडे वीज कधी असे, कधी नसे. पुढे भारनियमनाच्या दिवसांत तर थ्री फेज रात्रीची, मोटारींसाठी, आणि दिवसा सिंगल फेजवर मिणमिणता दिवा. ओव्हनला कोण विचारतो?

आई हरली नाही. प्रेशर कुकर होता. त्याची रिंग आणि शिट्टी काढायची, तळाला दोन बोटे जाड मीठ पसरायचे, त्यावर जाळी, झाकण लावून दहा मिनिटे तापवायचा, मग तुपाचा हात लावलेले भांडे आत ठेवून मंद आचेवर पाऊण तास. सुरी खुपसून कोरडी निघाली की झाले. पुतणीची ताटली याही रीतीने होते, मी करून पाहिली आहे. वरचा रंग ओव्हनइतका येत नाही, कारण झाकणावर निखारे नसतात. भाजल्यावर मीठ फेकायचे नसते. ते खायच्या कामाचे राहत नाही, पण पुढच्या भाजणीला चालते.

त्या मार्गशीर्षातल्या सकाळी ताटल्या मध्ये ठेवून आम्ही सात जण बसलो. वहिनी उठायला लागली, सवयीने. तव्यावर काही नव्हते. ती परत बसली, तिने ताटलीतला कडेचा करकरीत तुकडा घेतला आणि तो गरम होता. आत्या तिच्याकडे बघत होती. काही बोलली नाही.

चंपाषष्ठीला पुतणीने ओव्हनमध्ये बाजरीचा रोडगा भाजायचा घाट घातला. दोनशे अंश, पन्नास मिनिटे. वरून भेगा पडल्या, आत गच्च राहिला, धुराचा वास नाही. खंडोबाच्या नैवेद्याला भावाने अंगणात गोवऱ्या पेटवून दुसरा केला. ओव्हनमधला आत्याने दुसऱ्या दिवशी कुस्करला, दह्यात भिजवला, ओवा-मिरची घातली आणि पुतणीला म्हणाली, "आता घाल तुझ्या पेटीत." तो चांगला झाला. आईचा मिठाचा डबा मी वहिनीकडून मागून आणला आहे, त्यावर तिच्या हाताने चिकटवलेली चिठ्ठी अजून आहे, 'भाजायचे, खायचे नाही'.