उल्हासनगर ते रिओ : झेंडा नसलेल्या ज्युदोपटूची कथा

आजचा धागा एका लढतीविषयी. १० ऑगस्ट २०१६, रिओ दि जानेरो. पुरुषांच्या ९० किलो वजनगटातील ज्युदोची पहिली फेरी. एका बाजूस अवतार सिंग, त्या ऑलिंपिकमधील भारताचा एकमेव ज्युदोपटू. समोर पोपोले मिसेंगा. त्याच्या नावापुढील देशाच्या रकान्यात देशच नव्हता. तिथे निर्वासितांच्या संघाची नोंद होती.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील वाचकांना ‘निर्वासित’ हा शब्द परका नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख लोकांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले. ‘कॅम्प नंबर एक’पासून ‘पाच’पर्यंतचे पत्ते आजही त्याची साक्ष देतात. या माणसांचे घर गेले, जमीन गेली. परंतु एक गोष्ट त्यांना लवकर मिळाली. राज्यघटनेच्या ६व्या कलमाने पाकिस्तानातून आलेल्यांना भारताचे नागरिकत्व मिळण्याची वाट मोकळी केली, आणि हे कलम २६ नोव्हेंबर १९४९ पासूनच अमलात आले. म्हणूनच दिल्लीच्या पुराना किल्ल्यातील छावणीत राहिलेला मिल्खा सिंग पुढे भारताचा म्हणून धावू शकला. निर्वासित असणे आणि देशहीन असणे या दोन निराळ्या अवस्था आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे.

पोपोलेच्या वाट्याला दुसरी अवस्था आली. त्याचा जन्म १९९२ मध्ये काँगोच्या पूर्वेकडील बुकावू शहरात झाला. यादवी युद्धात आई गेली, घर पांगले. किसांगानीतील लढाईतून पळाला तेव्हा तो नऊएक वर्षांचा होता. आठ दिवस जंगलात काढल्यावर त्याची सुटका झाली आणि त्याला राजधानी किन्शासात नेण्यात आले. विस्थापित मुलांच्या केंद्रात त्याला ज्युदो भेटला. योलांद माबिका हिची कथाही अशीच. तीही लहानपणी आईवडिलांपासून तुटली आणि ज्युदोपाशी पोचली.

मात्र हा आश्रय निर्मळ नव्हता. सामना हरल्यास पिंजऱ्यात कोंडून ठेवीत व केवळ कॉफी आणि पाव देत, असे पोपोलेने पुढे सांगितले आहे. २०१३ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेसाठी दोघे रिओला आले. तेथे प्रशिक्षकाने पारपत्रे आणि पैसे आपल्याकडे ठेवले, जेवणाचीही भ्रांत पडली, असे त्यांचे म्हणणे. अखेर दोघांनी हॉटेल सोडले आणि परक्या शहरात, भाषा येत नसताना, आश्रय मागितला. ब्राझीलने २०१४ मध्ये त्यांना निर्वासिताचा दर्जा दिला. पोटासाठी पोपोलेने ट्रकमध्ये माल भरण्याचे कामही केले.

मग त्यांना जेराल्दो बेर्नार्देस हे बुजुर्ग प्रशिक्षक लाभले. २००४ चा कांस्यपदकविजेता फ्लाविओ कांतो याने उभारलेल्या संस्थेत ते शिकवीत. पोपोले सरावातही इतका आक्रमक असे की सोबती त्याच्याशी खेळण्यास कचरत. हरणे म्हणजे पिंजरा, हे ज्याच्या अंगात मुरले आहे त्याने दुसरे काय करावे? ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांच्या शिकवणीत स्वतःची आणि समोरच्याची उन्नती एकत्र होते. बेर्नार्देस यांना पोपोलेला डावपेचांइतकेच हेही शिकवावे लागले.

कौशल्य होते, तरी प्रवेशाचे दार बंदच होते. ऑलिंपिकमध्ये खेळाडूला पाठवते ती राष्ट्रीय ऑलिंपिक समिती. १९५२ साली, म्हणजे खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कुस्तीचे कांस्य जिंकले त्याच वर्षी, पूर्व युरोपातून परागंदा झालेल्या खेळाडूंच्या संघटनेने स्वतंत्रपणे खेळू देण्याची विनंती केली होती. ती फेटाळली गेली. हे दार उघडण्यास २०१६ उजाडावे लागले. ४३ जणांतून दहा निवडले गेले. ज्युदोतून पोपोले आणि योलांद.

योलांद पहिल्याच लढतीत झटपट हरली. पोपोलेने मात्र अवतार सिंगला गुणांवर नमविले. ब्राझीलचे प्रेक्षक त्याच्या नावाचा गजर करीत होते. आपल्याकडे ही लढत ‘भारताचे आव्हान संपुष्टात’ एवढीच स्मरणात राहिली असेल, तर माझ्या मते तो अवतारवरही अन्याय आहे: इतिहासातील त्या पहिल्या निर्वासित संघाच्या ज्युदो विजयात समोरचा खेळाडू आपला होता.

पुढच्या फेरीत त्याच्यासमोर २०१५ चा जगज्जेता, दक्षिण कोरियाचा ग्वाक डाँग-हान आला. पोपोले हरला. २०२१ मध्ये तो पुन्हा निर्वासित संघातून टोकियोत उतरला. या वेळी पहिल्याच फेरीत हंगेरीच्या क्रिस्तियान तोथने त्याला पराभूत केले. निर्वासित संघाचे पहिले पदक आले २०२४ मध्ये पॅरिसला, तेही लढतीच्याच खेळात: कॅमेरूनमध्ये जन्मलेली, इंग्लंडमध्ये वाढलेली सिंडी एन्गांबा हिचे मुष्टियुद्धातील कांस्य.