फैसला महफूज

आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तारखा आठवत नसत, कोर्टातल्या पेश्या आठवत. मोठ्या काकांची मुंज कधी झाली असं विचारलं की अण्णा म्हणायचे, "रझवीच्या पेश्या चालू होत्या, त्या उन्हाळ्यात." माईचाही हिशेब तोच. अण्णा म्हणजे माझे आजोबा, माई म्हणजे आजी. हैदराबादच्या सुलतान बाजारातल्या एका वकिलाकडे अण्णा कारकून होते. निजामाच्या राज्यात कोर्टाचं काम उर्दूत चालायचं, त्यामुळे घरी मराठी बोलणारा, हिशेब मोडीत लिहिणारा आणि दिवसभर उर्दू मिसली वाचणारा माणूस आमच्या बडी चावडी-काचीगुडा भागात घरटी एखादा तरी सापडायचा. संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवून अण्णा घरात आले की शेजारपाजारची चार माणसं ओट्यावर जमायची. प्रश्न एकच असायचा : आज काय झालं?

हे सगळं वाट पाहणं ज्या खुनापासून सुरू झालं, तो आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर झाला होता. 21 ऑगस्ट 1948 ची रात्र उलटत आली होती. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्लाखान कचेरीतलं काम आटोपून काचीगुड्याच्या रस्त्याने घरी निघाले होते. बरोबर मेहुणे इस्माईलखान. मागून गोळ्या झाडल्या गेल्या. खाली पडल्यावर तलवारीने त्यांचे हात तोडले. मदतीला धावलेल्या इस्माईलखानांवरही वार झाले. पहाटेपर्यंत शोएबुल्लाखान गेले. वय अठ्ठावीससुद्धा पुरं नव्हतं.

गोळ्यांचे आवाज माईने ऐकले होते. अण्णा उठून दाराशी गेले, तेव्हा तिने कडीवर हात ठेवला. "दोन लेकरं झोपलीत घरात," एवढंच म्हणाली. दार उघडलं नाही. पुढे कितीतरी वर्षं त्या रात्रीचा विषय निघाला की अण्णा इथे थांबायचे, आणि ती ओळ माई पुरी करायची. आपण दार उघडू दिलं नाही हे तिने कधी दुसऱ्या कुणावर ढकललं नाही. मला वाटतं, त्या खटल्याच्या निकालाची तिला जी आस लागली, तिचं मूळ त्या कडीत होतं.

शोएबुल्लाखानांविषयी वडीलधाऱ्यांनी सांगितलेली एक गोष्ट हैदराबादेत अजून ऐकायला मिळते. वडील रेल्वे पोलिसात होते. मुलगा जन्मला त्या दिवशी गांधीजींची गाडी त्यांच्या स्टेशनावरून गेली, म्हणून ते लेकाला कौतुकाने 'शोएबुल्ला गांधी' म्हणायचे. उस्मानियाचा पदवीधर, मुसलमान, उर्दूत लिहिणारा. त्या राज्यात चांगली नोकरी मिळायला याहून काही लागत नव्हतं. ती वाट सोडून ते पत्रकारितेत आले. आधी 'तेज'मध्ये आणि मंदुमुला नरसिंग रावांच्या 'रय्यत'मध्ये लिहिलं. 'रय्यत' सरकारने बंद पाडलं, तेव्हा बुर्गुल रामकृष्ण रावांच्या मदतीने 15 नोव्हेंबर 1947 ला स्वतःचं 'इमरोज' काढलं. हैदराबादने भारतात सामील व्हावं, निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांच्या सशस्त्र टोळ्यांना आवरावं, हे त्यात उघड लिहिलेलं असे. ऑगस्ट 1948 मध्ये राज्यातल्या सात प्रतिष्ठित मुसलमानांनी हेच सांगणारं एक निवेदन काढलं, तेही 'इमरोज'ने छापलं. मग रझाकारांचा सरसेनापती कासीम रझवी याचं जाहीर भाषण झालं. आमच्याविरुद्ध लिहिणारे हात तोडले जातील, असा त्याचा मतलब. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच खून झाला, आणि हातच तोडले गेले.

उर्दू वर्तमानपत्र तेव्हा खिळ्यांनी जुळवत नसत. कातिब बोरूने एकेक ओळ कागदावर उतरवायचा आणि तोच कागद दगडावर उठवून छापायचा. अण्णांकडे 'इमरोज'चा एक अंक होता, घडीवर फाटलेला. मला तो त्यांनी एकदा खिडकीपाशी उजेडात धरून दाखवला होता. एका मथळ्यात कातिबाचा बोरू किंचित घसरलेला होता आणि नुक्ता ओळीच्या खाली पडला होता. अण्णा त्या नुक्त्यावर नख ठेवून म्हणाले, "हे सगळं हाताचं काम आहे बघ."

त्या राज्यात न्यायाची वाट पाहायची सवय लोकांना उरली नव्हती. 1948 मध्ये रझाकारांच्या अत्याचारांचा निषेध म्हणून वकिलांनी कोर्टांवर बहिष्कार टाकला. पुढाकार विनायकराव विद्यालंकारांचा होता, म्हणजे विवेकवर्धिनी शाळा उभारणाऱ्या केशवराव कोरटकरांच्या चिरंजीवांचा. अण्णांचे वकीलही त्यात होते, त्यामुळे महिनोन्महिने घरात पगार आला नाही आणि माईने पाटल्या मोडल्या. त्याच्या आधी, 4 डिसेंबर 1947 ला, नारायणराव पवार या आर्यसमाजी तरुणाने किंग कोठीजवळ निजामाच्या मोटारीवर बाँब टाकला होता. निजाम बचावला, पवारांना फाशीची शिक्षा झाली. पवार कायद्याचे विद्यार्थी होते, याचं अण्णांना फार लागलेलं. ज्या पुस्तकांतून शिक्षा वाचायच्या, तीच शिक्षा कोठडीत बसून मोजायची. 13 सप्टेंबर 1948 ला 'पोलीस अॅक्शन' म्हणून भारतीय फौजा आत शिरल्या, 17 ला निजामाने शरणागती पत्करली, म्हणून पवारांची मान वाचली. 1949 मध्ये ते सुटले.

रझवी पकडला गेला आणि शहराला एकदम वाट पाहायला काहीतरी मिळालं. आमच्याकडे लातूरची एक मावशीआजी होती. तिच्या माहेरच्यांनी रझवीला लातूरच्या कोर्टात काळ्या कोटात वकिली करताना पाहिलं होतं. ती सांगायची, "बारीक माणूस रे, पण बोलायला लागला की कोर्ट बघत बसायचं." तोच माणूस आता दुसऱ्या बाजूला उभा होता. लष्करी गव्हर्नर जनरल चौधरींच्या अमलात खास कायद्याने विशेष न्यायाधिकरणं नेमली गेली. बाकावर तीन न्यायाधीश. जूरी नाही. नेहमीच्या खुनाच्या खटल्यात सेशनकडे जाण्याआधी मॅजिस्ट्रेटपुढे जी प्राथमिक चौकशी होते, तीही नाही.

जूरी नव्हती, पण ओट्यावर ती रोज बसत होती. पानवाला, विवेकवर्धिनीचे एक मास्तर, रेल्वेतला एक बुकिंग क्लार्क, सोबत अण्णा. साक्षीदार खरं बोलला का, वकिलाने त्याला कुठे पकडलं, ओळख परेड नीट झाली होती का, यावर रात्री दहापर्यंत चर्चा. मास्तर कधी कधी रझवीची बाजू घेऊन उलटतपासणी करायचे, म्हणजे सगळ्यांना विचार करावा लागेल. कुणी चिडलं तरी त्यांनी ते सोडलं नाही. युक्तिवाद संपले आणि अण्णा घरी येऊन म्हणाले, "फैसला महफूज." निकाल राखून ठेवला. माईने त्या दिवसापासून रोज सकाळी एकच विचारायला सुरुवात केली, "आज आहे का?" अण्णा डबा घेऊन निघेपर्यंत मान हलवायचे. निकालाची अशी वाट पाहताना माणूस फक्त शिक्षेची वाट पाहत नाही, असं मला तिच्यावरून वाटतं. कुणीतरी अधिकाराने सांगावं की हे असंच घडलं, तू जे ऐकलंस ते खरं होतं, याची ती वाट असते.

ते तिला कधी मिळालं नाही. रझवीला शिक्षा झाली ती बीबीनगरच्या दरोड्याच्या खटल्यात. जानेवारी 1948 मध्ये रझाकारांनी बीबीनगर स्टेशनजवळच्या गावात लूटमार केली होती, त्याबद्दल सात वर्षं सक्तमजुरी. शोएबुल्लाखानांच्या खुनाचा आरोप मात्र त्याच्यावर हायकोर्टात टिकला नाही. मूसीच्या काठावरच्या त्या गुलाबी इमारतीतून अण्णा त्या दिवशी सायकल हातात धरून चालत आले, म्हणे. सायकल चालवायची ताकद नव्हती. वकिलांनी त्यांना समजावलं होतं : भाषणात धमकी देणं वेगळं आणि मारेकऱ्यांना त्या रात्री त्यानेच पाठवलं हे पुराव्याने जोडणं वेगळं. अण्णांना ते पटलं. माई म्हणाली, "हात तोडीन म्हणाला, हात तोडले. अजून काय जोडायचं?"

दोघंही बरोबर होते असं म्हणून मला मोकळं होता येत नाही. मला वकिलांचंच बरोबर वाटतं. धमकीवरून फासावर चढवायची मुभा न्यायाधीशाला दिली, तर उद्या ती कुणाविरुद्ध वापरली जाईल हे सांगता येत नाही. आणि हैदराबादेत हे 'उद्या' यायला वेळ लागला नव्हता. ते त्याच दिवसांत, त्याच कायद्याखाली घडत होतं.

तेलंगणातल्या सशस्त्र लढ्यात पकडलेल्या बारा शेतकरी कार्यकर्त्यांना अशाच न्यायाधिकरणांनी ऑगस्ट 1949 मध्ये खुनाच्या आरोपांखाली फाशी सुनावली. नल्ला नरसिंहुलू त्यांच्यातले. डिसेंबर 1949 मध्ये हायकोर्टाने शिक्षा कायम केल्या. दीड महिन्याने, 26 जानेवारी 1950 ला, राज्यघटना लागू झाली आणि सुप्रीम कोर्ट आलं; पण तुमचा निकाल घटनेच्या आधीच पक्का झाला, म्हणून तुम्हाला इथे अपील नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. जानेवारी 1951 मध्ये फाशीचे दिवस ठरले, आणि ऐन वेळी स्थगिती आली. डी. एन. प्रिट नावाचे ब्रिटिश बॅरिस्टर त्यांच्यासाठी विलायतेहून आले. आरोपींना वकील करायची नीट संधीच मिळाली नव्हती, हा त्यांच्या बाजूचा एक मुद्दा होता. मार्च 1951 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो अर्जही फेटाळला. देशात आणि देशाबाहेर ओरड झाल्यावर अखेर फाशीची जन्मठेप झाली.

ओट्यावर या बारा जणांसाठी कुणी वाट पाहत बसलं नव्हतं. हे मला मोठ्या काकांनी सांगितलं. ते पुढे कॉलेजात डाव्या मुलांच्या संगतीत आले आणि घरात पहिलं भांडण यावरूनच झालं. ते अण्णांना म्हणाले, "रझवीसाठी तुम्ही पुरावा मागितला. नरसिंहुलूसाठी का नाही?" अण्णांचं म्हणणं, रझाकारांच्या काळात वकिलांनी बहिष्कार टाकला, घरं गहाण टाकली, आता सगळ्यांसाठी लढायला अंगात बळ कुठलं. ते खोटं नव्हतं. पण काकांचा प्रश्न त्याने सुटत नव्हता. गंमत अशी की, न्यायाधिकरणांच्या त्या कायद्याने समानतेचा हक्क मोडतो हा मुद्दा सुप्रीम कोर्टापुढे घेऊन गेला तो स्वतः कासीम रझवी. 19 जानेवारी 1953 ला पाच न्यायाधीशांत तीन विरुद्ध दोन असा निकाल लागला आणि तो हरला. दोन न्यायाधीशांना मात्र त्याचं म्हणणं पटलं होतं. मास्तरांनी हा निकाल वर्तमानपत्रातून कापून ठेवला होता आणि काकांना दिला.

1959 साली गिरगावची आत्या सुट्टीला आली ती मुंबईतल्या नानावटी खून खटल्याचं वेड घेऊनच. जूरीतल्या नऊपैकी आठ जणांनी नानावटी निर्दोष ठरवला. सेशन न्यायाधीश मेहतांना ते मुळीच पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. पुढे 1960 मध्ये तिथे जन्मठेप झाली. आत्याचं मत, नऊ साध्या माणसांनी जे ठरवलं तेच खरं. माईलाही ते आवडलं. नऊ माणसं, आपल्यासारखी, आवाज ऐकलेली. नंतर जूरी आपल्याकडून गेली. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा उरली नाही. पण मी पुष्कळदा मनात विचार करून पाहिला आहे, की 1950 च्या हैदराबादेत ती नऊ माणसं कुठून आणली असती? रझाकारांनी घर जाळलेला माणूस बसला असता, की पोलीस अॅक्शननंतर मराठवाड्यात आपली माणसं गमावलेला मुसलमान? सुंदरलाल समितीने त्या हिंसेतले बळी अगदी जपून मोजूनही सत्तावीस ते चाळीस हजारांच्या घरात धरले. त्या जखमा उघड्या असताना आठ विरुद्ध एक असा कौल कुठल्या बाजूने गेला असता, हे त्या नऊ जणांच्या नावांवरूनच कळलं असतं. ओट्यावरच्या आमच्या चौघांत एकही मुसलमान नव्हता. मेलेला संपादक मुसलमान होता, आणि त्याच्यासाठी तळमळणारी ही माणसं होती, तरी.

1957 च्या सप्टेंबरात रझवी येरवड्यातून सुटला. पाकिस्तानात जाण्याआधी तो हैदराबादला येऊन गेला, रझाकारांमागच्या मजलिस या संघटनेची सूत्रं अब्दुल वाहेद ओवैसींकडे दिली आणि निघून गेला. 1970 मध्ये कराचीत वारला. बातमी आली तेव्हा अण्णा घरीच असायचे, डोळ्यांनी अधू झालेले. काकांनी ती वाचून दाखवली. अण्णा म्हणाले, "सात वर्षं बीबीनगरची होती. शोएबुल्लाखानांची किती, ते सांग." काका म्हणाले, "त्यांची वर्षं तुमच्याकडे आहेत, अण्णा. तो अंक मला द्या." अण्णांनी अंक दिला नाही. माईने दिला, अण्णा गेल्यावर, आणि बरोबर मास्तरांचं ते कात्रणही, जे काका हरवलं म्हणून शोधत होते. दोन्ही कागद तिने एकाच पाकिटात ठेवलेले होते.