जोशींचा वाढदिवस

५ जानेवारी या तारखेला एके काळी संगणकाच्या जगात विशेष अर्थ होता, हे सांगितले की आमचे विद्यार्थी हसतात. १९९० साली भारतात आढळलेला 'जोशी' नावाचा व्हायरस त्या दिवशी संगणक अडवून बसे आणि 'हॅपी बर्थडे जोशी' एवढी अक्षरे टंकित केल्याखेरीज पुढे सरकू देत नसे. हे जोशी पुण्याचेच असणार, असे कोल्हापुरात म्हटले जाणे ओघानेच आले!

विनोद बाजूला ठेवू. हा व्हायरस फ्लॉपीच्या अगदी आरंभीच्या भागात दडत असे. फ्लॉपी आत विसरून यंत्र सुरू केले की तो स्मृतीत शिरे आणि नंतर घातलेल्या प्रत्येक फ्लॉपीला चिकटे. कळफलकावरून यंत्र पुन्हा सुरू केले तरी तो जात नसे; वीज बंद करून स्वच्छ फ्लॉपीनेच आरंभ करावा लागे. याच जातीचा 'ब्रेन' त्याआधी १९८६ मध्ये लाहोरच्या अल्वी बंधूंनी लिहिला होता. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरची चोरटी नक्कल होऊ नये, हा हेतू त्यांनी सांगितला आणि व्हायरसमध्ये स्वतःचे नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांकही घातला. पुढच्या काळातील कोणत्या दरोडेखोराने एवढी सभ्यता दाखवली आहे?

नकलेचा हा मुद्दा आम्हाला लागू पडतो, म्हणूनच तो बोचतो. आमच्यापैकी एकाच्या घरी जुळवून घेतलेला संगणक होता आणि त्यात कागल-राधानगरी भागातील बोलीचे आठ वर्षे जमवलेले शब्द होते. सुरक्षेचा प्रोग्रॅमही होता. मात्र तो कुणाच्या तरी सीडीवरून उतरवलेला, आणि म्हणून वर्षभर अद्ययावत न झालेला. अँटिव्हायरस ओळखीच्या चोरांची यादी बाळगतो. यादी जुनी असेल तर नवा चोर पाहुणा म्हणून आत येतो. २६ एप्रिल १९९९ रोजी तैवानच्या एका विद्यार्थ्याने लिहिलेला 'सीआयएच' जगभर जागा झाला. तो हार्ड डिस्कचा आरंभीचा भाग पुसून टाकी, काही यंत्रांत तर मुख्य चिपमधील आज्ञावलीही बिघडवी. त्या दिवशी आमचे शब्द गेले.

पुढचा संगणक घेताना निवड करायची वेळ आली. नॉर्टन, मॅकॅफी ही नावे मासिकांतून ठाऊक होती, पण आम्ही तुलनेचे तक्ते वाचले नाहीत. यंत्र दुरुस्त करणाऱ्या मुलाने सांगितले ते घेतले. त्याने सांगितले, 'क्विक हील'. या नावामागचा इतिहासही दुरुस्तीच्या दुकानातलाच आहे. साताऱ्याजवळच्या रहिमतपूरचे कैलास काटकर मॅट्रिकनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीत शिरले आणि १९९० च्या सुमारास त्यांनी पुण्यात स्वतःचे दुकान काढले. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरस सापडत, ते काढण्यासाठी संजय यांनी लहान प्रोग्रॅम लिहिले आणि त्यांतून १९९५ च्या आसपास हे उत्पादन उभे राहिले. २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली. आमच्या मते तिचे खरे बळ प्रयोगशाळेइतकेच गावोगावच्या दुरुस्तीवाल्यांत होते. मध्यमवर्गीय मराठी घराने विश्वास ठेवला तो पेटीवर नव्हे, समोरच्या ओळखीच्या माणसावर.

आता हा प्रश्न पुष्कळसा बदलला आहे. २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा संरक्षक विंडोजमध्ये बसवलेलाच येतो आणि आमच्यासारख्या साध्या वापराला बहुधा तो पुरतो. अर्थात अद्यतने सुरू असतील तर. विंडोज १० ची नेहमीची मोफत अद्यतने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली, तरी ती आवृत्ती वापरणारी घरे आमच्या गल्लीतच आहेत. शिवाय पहारेकऱ्यावर विश्वास कितपत ठेवायचा हाही पेच आहेच: अमेरिकेने २०२४ मध्ये रशियन कॅस्परस्कीच्या विक्रीवर बंदी घातली, ती याच शंकेने.

आमच्या शब्दांपैकी निम्मे वह्यांतून पुन्हा टंकित करता आले. उरलेल्यांसाठी राधानगरीकडे गेलो, तेव्हा ते सांगणाऱ्या दोन आजी हयात नव्हत्या. जे मिळाले त्याची एक प्रत संगणकात आहे आणि दुसरी एका बाह्य डिस्कवर. ती डिस्क एरवी वायर काढून कपाटात, त्या वह्यांशेजारी असते.