भूर्जाची मूठ

भूर्जपत्र म्हटले की आम्हांस पोथी आठवते. कालिदासाची उर्वशी आपले प्रेमपत्र भूर्जपत्रावरच लिहिते. डॉ. ब्यूलर यांनी १८७५ च्या काश्मीर दौऱ्यात मिळविलेली, शारदा लिपीतील ऋग्वेदाची भूर्जपोथी पुण्याच्या भांडारकर संस्थेत आजही जतन केलेली आहे. त्यामुळे ही साल म्हणजे विद्येचे वाहन, अशी आमची समजूत. परंतु ज्या देशाच्या राजधानीत १९५२ साली खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळविले, त्या फिनलंडात भूर्जकुळातीलच वृक्षाच्या सालीची सुरीची मूठ होते.

त्या सुरीस 'पुक्को' म्हणतात. पाते लहान, पाठ सरळ, धार एकाच बाजूस. काटक्या सोलाव्यात, मासा साफ करावा, लाकडी चमचा कोरावा, ही तिची कामे. उन्हाळ्याच्या आरंभी झाडात रस चढला की साल अलगद सुटते. तिचे चौकोनी तुकडे कापून, मधोमध भोक पाडून, पात्याच्या मुठीत जाणाऱ्या निमुळत्या भागावर एकावर एक ओवतात. ती चळत घट्ट दाबून शेवटी धातूची चकती बसवितात, तीवर टोक ठोकून पसरवितात आणि मग मूठ हाताजोगती तासतात. ही साल पाण्यास दाद देत नाही व लवकर कुजत नाही. ज्या गुणाने आमच्या पोथ्या टिकल्या, त्याच गुणाने ही मूठ टिकते. शिवाय ती ओली असताही निसटत नाही आणि हिमात हातास गारठवीत नाही.

फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनच्या आणि नंतर १९१७ पर्यंत रशियाच्या अमलाखाली होता. दप्तराची भाषा स्वीडिश. मिकाएल आग्रिकोला यांचे पहिले फिनिश पुस्तक १५४३ च्या सुमारास निघाले. पण कचेरीत फिनिश भाषेस समान स्थान देण्याचे फर्मान थेट १८६३ साली सुटले, आणि तेही वीस वर्षांच्या मुदतीने! शेतकऱ्याचा अर्ज त्याच्या भाषेत चालत नव्हता, त्या काळातही त्याच्या कमरेची सुरी मात्र त्याच्याच हातची होती.

या सुरीस कलंकही लागला. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून सुमारे शंभर वर्षे पश्चिम फिनलंडातील सुरीबाज दांडग्यांनी लग्नाच्या मेजवान्या रक्ताने माखल्या. त्याच भागातील कौहावा गावी ईसाक्की यार्वेनपा यांनी १८७९ साली सुऱ्या घडविण्यास आरंभ केला आणि दांडगाईसाठी कुप्रसिद्ध झालेला हा मुलूख कारागिरीसाठी नावाजला गेला. आज तेथे सबळ कारणावाचून सार्वजनिक ठिकाणी सुरी बाळगण्यास मनाई आहे. रानात व कामावर मात्र ती हवीच.

तेव्हा विद्येची साल आमची आणि कष्टाची त्यांची, अशी वाटणी करावी काय? तसे नाही. रशियातील नोव्हगोरोद येथे १९५७ साली तेराव्या शतकातील एक भूर्जपत्र सापडले. त्यावरील चार ओळी फिनिशच्या भगिनीभाषेतील असून तो विजेपासून रक्षण करणारा मंत्र असावा, असे अभ्यासक मानतात. त्या भाषाकुळातील याहून जुना लेख ज्ञात नाही. म्हणजे दप्तराने ज्या भाषाकुळास शतकानुशतके दाराबाहेर ठेविले, त्याचे पहिले अक्षरही याच सालीने सांभाळले होते. दूरच्या कचेरीत परभाषेतील टिपणे लिहिणाऱ्या आम्हां मंडळींस याचे मोल वेगळे सांगावयास नको.